इतिहासाला पंधरा

३ जून २०२४

आज पाच गावं झाली. हाती एक प्रवेश, तोही "पाहतो सर, सांगतो" असा!

शेषराव सरांची मोटरसायकल, मागे मी, मांडीवर माहितीपत्रकांची पिशवी. उन्हानं डांबर मऊ झालेलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका अंगणात तीन कॉलेजांचे लोक एकदमच पोचलो. गावं आपसांत वाटून घेतली आहेत म्हणे, पण पाळतो कोण. घरची बाई बिचारी तीनदा पाणी घेऊन आली. एक कॉलेजवाला म्हणाला, एसटीचा पास आम्ही काढून देऊ. दुसरा म्हणाला, वर्गात नाही आलं तरी चालते. आम्ही म्हणालो, आमच्याकडे इतिहास चांगला शिकवतात. पोरानं मोबाइलमधून मान वर केली नाही.

परतताना सर म्हणाले, आपण काय विकायला निघालो तर हजेरी! कोण घेईल? दोघंही हसलो.

५ जून

प्राचार्यांनी इतिहासवाल्यांना बोलावलं. इतिहासवाले म्हणजे सर आणि मी, दोघंच. संस्थेचा ठराव झाला आहे. ज्या विषयाला पंधरा पोरं नाहीत तो विषय बंद. आणि आमच्यासाठी वेगळी मेख — शेषराव सर पुढच्या ३१ मेला निवृत्त होतात. यंदाची पहिल्या वर्षाची पोरं पंधराच्या पंधरा पुढच्या जुलैत दुसऱ्या वर्षाला गेली, तरच सरांची जागा भरायचा प्रस्ताव वर जाणार. नाहीतर सरांबरोबर जागाही निवृत्त.

सर टेबलाच्या काचेकडे पाहत ऐकत होते. ती जागा कुणासाठी आहे हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. बोलायची गरजच काय? सतरा वर्षं मी तासिकेवर आहे. घेतले तेवढ्या तासांचं मानधन, उन्हाळाभर काही नाही, आणि दर जुलैत नव्यानं मुलाखत. मार्चपर्यंत ज्यांच्यासोबत चहा प्यायलो तेच लोक जुलैत विचारतात, "आपलं नाव सांगा." नेट झालं, पीएच.डी. झाली, केस गेले. एका भल्या माणसाच्या निवृत्तीची वाट पाहत मी पंचेचाळीस वर्षांचा झालो. माणूस वाईट असता तर वाट पाहणं सोपं गेलं असतं.

११ जून

चंद्रभानजींचा मळा. वांगी, मिरची, कडेनं झेंडू. त्यांच्या मुलीला बारावीला चांगले मार्क आहेत. आमचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाजेवर बसवलं, चहा दिला. मग विचारलं, "सर, तुमची पोरगी बी यंदा बारावी झाली म्हणते. तिले कुठी टाकून राहिले?"

फार्मसीला, मी सांगितलं. खोटं बोलायचं सुचलं होतं, जमलं नाही.

"मंग आमचीलेच इतिहास कावून?"

रागानं नाही विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. सर बशीतला चहा फुंकत बसले, तो कधीचाच थंड झाला होता. निघताना चंद्रभानजींनी पिशवीत वांगी घातली. घरी मोनालीनं भरली वांगी केली. सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ली. मी वरणभातावरच उठलो.

१२ जून

माझ्या पोरीला, आचलला, मी इतिहास घे म्हणालो असतो का? नाही. कधीच नाही. इथं लिहून टाकतो, म्हणजे स्वतःशी तरी वाद नको.

२५ जून

चौदा झाले! चौदावा नितेश. तो चाकणला कंपनीत लागला आहे, नाव टाकून ठेवा म्हणाला, परीक्षेले येतो. बाकीच्यांतले सहा-सात अकोल्याला पोलीस भरतीच्या अकॅडमीत आहेत. दोघींची लग्नं दिवाळीनंतर ठरलेली. कागदावर चौदा म्हणजे चौदा. पण पंधरावा कुठून आणायचा?

रात्री जेवताना मोनालीला सांगत होतो. घरचं माणूस वर्गात टाकायची पद्धत आमच्याकडे नवी नाही. गृहअर्थशास्त्राच्या प्रणाली मॅडमनं नणंदेचं नाव टाकलं होतं. वाणिज्यच्या सरांनी तर सासूबाईंचं. सासूबाई परीक्षेला बसल्या आणि जावयाच्याच विषयात नापास झाल्या, महिनाभर घरात अबोला. मी हे गंमत म्हणून सांगितलं. मोनाली हसली नाही. म्हणाली, मी बारावी पास हाये ना, मंग माह्यं नाव टाका.

मी म्हणालो, नुसतं नावच लागेल, तुला त्रास नाही. तर ताट बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं तिनं. "नाव टाकाचं तं मी येईन बी. बिन यायचं नाव मी देत नाही."

बारावी झाल्याच्या पुढच्याच वर्षी तिचं माझ्याशी लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षी आचल. पुढे शिकायचं होतं का तुला, असं मी तिला कधी विचारलं असेल तर मला आठवत नाही.

२७ जून

पंधरा.

१५ जुलै

पहिला तास. पंधरापैकी तीन. दोन मुली आणि मोनाली. ती मुद्दाम तिसऱ्या बाकावर बसली, आचलची जुनी बॅग घेऊन. मुली तिला काकू म्हणाव्यात की ताई या घोळात होत्या, शेवटी मॅडम म्हणाल्या. हजेरी घेताना तिच्या नावापाशी माझीच जीभ अडखळली.

जाताना लोकलमध्ये बडनेऱ्यापासून शेजारी बसलो होतो. कॉलेजच्या फाटकापाशी ती दहा पावलं मागे राहिली. कावून, विचारलं, तर म्हणे, "पोट्टे हासतील." पोट्टे होतेच कुठे!

१ ऑगस्ट

आज एकटी मोनाली.

बाहेर पाऊस, मुलींची एसटी आली नाही. मी खडू ठेवला, म्हणालो चल, लवकरची गाडी मिळेल. ती जागची हलली नाही. "सर, तास घ्या," म्हणाली. सर! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आधी हसू आलं. मग काय झालं कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं म्हणून फळ्याकडे वळलो आणि उगाच तारीख लिहिली.

वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे कसा गेला ते शिकवलं. पूर्ण तास शिकवलं, भरल्या वर्गात शिकवावं तसं. मधे एकदा तिनं हात वर केला. "म्हंजे ज्याचा परदेश त्याले विचारलंच नाही का कोनी?" प्रदेशाला तिनं परदेश म्हटलं, ते मी दुरुस्त केलं नाही. नाही, विचारलं नाही कुणी, म्हणालो.

२२ ऑगस्ट

ती चांगली विद्यार्थिनी आहे. नवरा म्हणून नाही, मास्तर म्हणून लिहितो. पोळ्या लाटताना प्रश्न विचारते. रेल्वे कापसासाठी आली की लोकांसाठी? जिनिंग आधी की रेल्वे आधी? आचल वैतागते, "बाबा, आता घरात बी क्लास?" मी मात्र खुश आहे. इतका खुश की मलाच माझी भीती वाटते.

१८ सप्टेंबर

गृहअर्थशास्त्र बंद झालं. प्रणाली मॅडमनी आज विभागाचं कपाट रिकामं केलं. तवे, वजनकाटा, मुलींनी भरलेले रुमाल. माझ्यासारख्याच तासिकेवर, बारा वर्षं. रडतील असं वाटलं होतं, रडल्या नाहीत. बडनेऱ्यात बालवाडीला लागल्या आहेत. मी विचारलं, कसं वाटतं. म्हणाल्या, "सर, तिथं वर्ग भरलेला असते."

त्या गेल्यावर स्टाफरूममध्ये चहा आला, कुणीही घेतला नाही. मी घेतला. कुणीतरी घ्यायला पाहिजे होता.

२१ ऑक्टोबर

रोहित भेटायला आला. आमचाच विद्यार्थी, अकोल्याला भरतीची अकॅडमी चालवतो. आता नवी इमारत बांधली, पायाला हात लावून पेढे दिले. म्हणाला, इतिहास शिकवायला माणूस पाहिजे, तुम्हीच या. "सर, तुमचे पोट्टे सारे माह्याकडंच हायेत. तुमी बी या."

मी म्हणालो, मी प्राध्यापक आहे, क्लासवाला नाही. जरा जोरातच म्हणालो. बिचारा ओशाळला. मोनाली आत चहा गाळत होती, तिनं ऐकलं. तो गेल्यावर विचारलं, कावून नाही म्हणलं? मी सांगितलं, एवढी वर्षं काढली, आता सात महिन्यांवर आलं आणि मीच सोडून जाऊ? भरल्या पंगतीतून कुणी उठतं का? ती म्हणाली, पंगतीत बसवलं तरी पाहिजे.

मला राग आला. दोन दिवस नीट बोललो नाही. मी असा आहे.

१६ नोव्हेंबर

अध्यक्षांच्या सूनबाई, आकांक्षाताई, विभागात आल्या होत्या. इतिहासातच पीएच.डी. करतात, तोंडी परीक्षा जानेवारीत आहे. वऱ्हाडातल्या कापूस व्यापारावर माझ्या नोट्स मागितल्या. सगळ्या दिल्या. दोन प्रकरणं वाचून दुरुस्त्याही करून दिल्या. फार नम्र मुलगी. संस्थेच्या घरातलं कुणी इतिहासाकडे वळतंय, विषयाला बरे दिवस येतील. मनापासून बरं वाटलं.

शेषराव सर म्हणाले, एवढं सगळं कशाला देतोस? सर कधी असं बोलत नाहीत. वय झालं.

२२ डिसेंबर

कौंडण्यपूरची सहल. पंधरापैकी चार आले! मिनीडोअरवाल्यानं मोठी गाडी आणली होती, माणसं पाहून म्हणाला, बाकीचे मागून येऊन राहिले का?

टेकाडावर उभं राहून मी उत्खननाचं सांगितलं. या मातीखाली कुणाची तरी चूल, कुणाची मडकी. मुलींनी फोटो काढले. खाली वर्धेच्या काठावर डबे सोडले. मोनालीनं पाण्यात पाय सोडले होते. म्हणाली, आपल्या कॉलेजचं असं कोणी खोदलं तं काय सापडन? मी म्हणालो, खडू. खूप हसली. तिचं हसणं ऐकून मला वाटलं, नोकरी मिळो न मिळो, हे वर्ष चांगलं गेलं. मग स्वतःलाच रागावलो. नोकरी न मिळो असं मनातसुद्धा म्हणायचं नाही.

११ मार्च २०२५

विद्यापीठाची तपासणी समिती येऊन गेली. काल दिवसभर फोन. अकॅडमीतली पोरं मैदानावरून थेट आली, पायात धावायचे बूट, पाठीला माती. नितेशला सुटी नाही मिळाली, त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ बसला. लाज वाटते हे लिहायला, पण बसवला.

समितीतल्या बाईंनी मोनालीला उभं केलं. या वयात शिकता, कौतुक आहे, घरून पाठिंबा आहे ना? मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मोनाली म्हणाली, हाये. कॉलेज कसं वाटतं? "सर लय चांगले शिकवतात. पन ऐकाले कोनी नसते." बाई हसल्या, त्यांना विनोद वाटला. प्राचार्यांना वाटला नाही.

गाडीत मी म्हणालो, असं बोलायची काय गरज होती? म्हणाली, खरं विचारलं तं खरं सांगतलं.

३१ मे

सरांचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. आकांक्षाताईंनी आभार मानले. आता त्या डॉक्टर आकांक्षाताई. नोट्ससाठी माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या.

सर बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. चौतीस वर्षं शिकवलेला माणूस! नंतर नळापाशी मला एकट्याला गाठलं. माझा हात धरला, सोडेनात. मी म्हणालो, सर, तुमच्या खुर्चीला बट्टा लागू देणार नाही. तर म्हणाले, "गोवर्धन, खुर्चीच्या मागे नको लागू रे. रोहित काय म्हनते पाय." असं म्हणायची ही वेळ होती का? मला वाटलं होतं आशीर्वाद देतील. वाईट वाटलं. निवृत्तीच्या दिवशी माणूस कडू होतो, असं म्हणून सोडून दिलं.

त्यांची मोटरसायकल फाटकाबाहेर गेली तेव्हा मात्र उभ्या उभ्या रडलो. शिपायानं पाहिलं. पाहू दे.

२६ जून

निकाल. इतिहासात मोनाली पहिली! पंधरात पहिली, मग अकॅडमीची दोन पोरं, मग त्या दोन मुली. नितेश पास. आचलनं आईला उचलून गरगर फिरवलं. मोनाली लाजून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून म्हणाली, सरायचीच कृपा.

सासूबाई पार्बताबाई अकोल्याहून भाजीची पाटी आणि एक साडी घेऊन आल्या. म्हणे, जावयाले दिली तवा पोरगी हुशार हाये हे सांगाचं राहूनच गेलं. हसत म्हणाल्या. मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

१४ जुलै

दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू. एकेकाच्या घरी जातो आहे. लग्न झालेल्या दोघींपैकी एक सासरी धारणीकडे. जीपनं गेलो, शेवटचा रस्ता पायी. सासऱ्यांनी विचारलं, बी.ए. करून ही काय करन? मी म्हणालो, नाव तरी राहू द्या. पोरगी दाराआडून ऐकत होती. हो म्हणाले शेवटी. परतताना वाटलं, मी तिच्यासाठी गेलो होतो की आकड्यासाठी? उत्तर माहीत होतं, म्हणून पुढे विचार केला नाही.

२४ जुलै

पंधरा! पुन्हा पंधरा! मोनालीनं काल सही केली. प्राचार्यांनी हात मिळवला, अठरा वर्षांत पहिल्यांदा. ३१ तारखेला पाच वाजता पट बंद, दुसऱ्या दिवशी प्रस्ताव विद्यापीठात. पेढे आणले. आचल म्हणाली, बाबा, तुम्ही झोपेत पण हसता आजकाल.

२७ जुलै

अमरावतीला गेलो होतो, दाखल्यांच्या प्रती साक्षांकित करायला. घरी आलो तर कळलं शेषराव सर येऊन गेले. माझी वाट नाही पाहिली. मोनालीला विचारलं, काय म्हणत होते? चहा घेतला अन् गेले, म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला. डोकं दुखतं म्हणे.

२९ जुलै

मोनाली दोन दिवस बोलत नाही. वर्गात आली नाही. रात्री उठून पाहिलं तर गॅलरीत बसलेली. आचलच्या फीची काळजी असेल. सांगितलं, आता दिवस पालटले, घाबरू नको. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजारी आहे.

३० जुलै



ऑफिसातल्या बाबूंनी दुपारी बोलावलं. सर, चौदाच राहिले. कोण गेलं? ते कागद उलटेपालटे करत राहिले, तोंडानं सांगेनात. शेवटी म्हणाले, मॅडम आल्या होत्या सकाळी, टीसी घेऊन गेल्या.

मोनाली! माझी मोनाली! मी वरच्या मजल्यावर तास घेत होतो, आणि ती खाली टीसी घेत होती.

घरी येऊन ओरडलो. शेजारच्यांनी ऐकलं असेल. अठरा वर्षं, म्हणालो, अठरा वर्षांवर तू आज पाणी ओतलंस. एका सहीसाठी मी जंगलात चालत गेलो आणि माझ्याच घरातली सही निघून गेली. ती भांडी घासत राहिली. मी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले. उद्या पाचपर्यंत वेळ आहे, परत नाव टाक, एवढं कर, आयुष्यात पुन्हा काही मागणार नाही. ती एवढंच म्हणाली, "मले शिकाचं हाये. मुक्त विद्यापीठाचा फारम भरला म्या. त्या कॉलेजात नाही." का नाही? का? भिंतीशी बोलावं तसं.

आचल मधे पडली, आईची बाजू घेऊन. दोघीही आता एका खोलीत आहेत. मी बाहेरच्या खोलीत. चौदा जणांना फोन केले, कुणाची बहीण, कुणाची वहिनी बारावी पास आहे का विचारलं. दोघांनी फोन उचलले.

तिला माझं चांगलं पाहवलं नाही. दुसरं काय म्हणायचं?

३१ जुलै

चार वाजता बोलली. शेषराव सर त्या दिवशी चहाला आले नव्हते, सांगायला आले होते. जागा आकांक्षाताईंची ठरली आहे. वर्षभरापूर्वीच ठरली होती. सरांना माहीत होतं, माझ्या तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती. मोनाली म्हणाली, "अध्यक्षायच्या सुनेच्या जागेसाठी तुमी गावोगाव हिंडले. मले काही थांबवता नाही आलं, पन माह्यं नाव मी तिच्या कामी येऊ देल्लं नाही."

पाच वाजून गेले तेव्हा आम्ही दोघंही तिथंच बसलो होतो.

उद्या कॉलेजचा डबा भरू का, तिनं विचारलं. नको म्हणालो.